हळदीच्या मांडवातला अ‍ॅम्प्लिफायर

कमळाला सासरच्या अंजूर गावातले लोक काळूरामची बायको म्हणत आणि भिवंडीतले लोक रेडिओवाल्याची विधवा म्हणत. ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यातली. त्या उन्हाळ्यात तिचं दुकान जायची वेळ आली होती, आणि ती वेळ आणण्यात थोडा हात माझाही होता. तो कसा, ते मी लिहिणारच आहे. ब्याऐंशीव्या वर्षी झाकून ठेवण्यासारखं काही उरत नाही.

काळूरामचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान लूमच्या शेडांच्या गल्लीत होतं. दुकान म्हणजे एक खोली, पुढे फळी, मागे चूल. लग्न होऊन आली तेव्हा कमळा इथल्या बऱ्याच बायकांसारखी घरी कांड्या भरायची. लूमच्या धोट्यात सुताची जी लहान गुंडाळी बसते ती कांडी. सूत सैल पडलं की कापडात गाठ येते, घट्ट ओढलं की तुटतं. कमळाच्या कांडीत दोन्ही कधी झालं नाही. काळूरामने ते हात पाहिले आणि सुताऐवजी तांब्याची तार दिली. दोन वर्षांत ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचं सगळं काम तिच्याकडे आलं. मग कथलाचा डाग देणं आलं, मग रेडिओ उघडणं. काळूराम काविळीने गेला तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती, मूलबाळ नव्हतं, आणि दुकानातलं एकही काम असं नव्हतं जे तिला येत नव्हतं.

पण गिऱ्हाईक येईना. लोक रेडिओ बगलेत मारून फळीपर्यंत यायचे, आत बाईमाणूस बघायचे आणि "मिस्त्री नाय का?" विचारून पुढच्या गल्लीत जायचे. मी शेजारच्याच चाळीत राहत होते, शाळेत विज्ञान शिकवत होते, बी.एस्सी. झालेली होते. मला त्या माणसांचा इतका संताप यायचा की एकदा मी माझा धडधाकट रेडिओ मुद्दाम तिच्या फळीवर नेऊन ठेवला. तिने तो उघडला, बंद केला आणि म्हणाली, "बाई, याला काय झालेलं न्हाय. दया करायची तर दुसरी करा."

काळूरामचा थोरला भाऊ केसरीनाथ अंजूरला भातशेती करायचा. दुकानाची खोली त्याच्या नावावर होती. एप्रिलमध्ये तो आला तेव्हा मी तिथेच बसले होते. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. त्याने फळीवर टोपी काढून ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाला,

"कमले, बाईमानसानं खोललेला रेडिओ लोक घेत न्हाय. तुला दिसतंय, मना दिसतंय. मिरगापर्यंत बघ. न्हाय जमलं तर खोली सोडू आन तू अंजूरला ये. आवणीला मानूस लागतंच."

"मिरगाला दीड महिना हाय, भावजी."

"मंग दीड महिना."

एवढंच बोलणं झालं. भाताची रोपं लावायला, म्हणजे आवणीला, तिने जायचं होतं, आणि पुढे जन्मभर दुसऱ्याच्या चिखलात वाकायचं होतं. तो गेल्यावर तिने हातातला पाना इतक्या जोराने ठेवला की फळीला खाच पडली.

चार दिवसांनी सावळाराम आला. हा दिवसा सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा. गिटारला मशीन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, लागतं. नुसत्या तारा छेडल्या तर शेजारच्यालाही ऐकू जात नाही. त्याचं जुनं मशीन गेलं होतं आणि मुंबईत मिळणारं त्याला परवडत नव्हतं.

"वहिनी, काळूराम मला मशीन करून देणार होता. सांगाडा पण ठोकलेला त्याने. आहे का?"

तिने खाटेखालून पत्र्याचा सांगाडा काढला. त्यात गुंडाळी करून ठेवलेला इंग्रजी मासिकातला जोडणीचा नकाशा होता, त्यावर काळूरामच्या पेन्सिलीच्या खुणा.

"मी करते," ती म्हणाली.

सावळाराम माझ्याकडे बघायला लागला, जणू मी जामीन राहणार होते. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? ती करते म्हणाली ना?"

"ठीक है. पण सांगून ठेवतो. लूमवाल्या राघोशेठच्या मुलाची हळद आहे, अठरा दिवसांनी. सगळी भिवंडी तिथे असणार. वाजलं तर दुसऱ्या दिवसापासून तुझ्या फळीवर लाइन लागेल. नाही वाजलं तर माझं नाक गेलं, आणि तुझं दुकान."

तिला हे सांगायची गरज नव्हती.

मशीनचा जीव म्हणजे मोठा ट्रान्सफॉर्मर. भिंतीतून येणारी वीज तो घेतो आणि व्हॉल्व्हना, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांना, हवी तशी करून देतो. तारेचे वेढे किती घ्यायचे ते वीज किती व्होल्टची येते त्यावर ठरतं. नकाशात दोनशे तीस लिहिलं होतं. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला मीटर आणला आणि रोज दुपारी लावून पाहिला. एकशे पंच्याऐंशी. एकशे ऐंशी. एकशे नव्वद. आजूबाजूला शेकडो लूम दिवसरात्र वीज ओढत असायचे, तर गल्लीत येणार किती?

"एकशे पंच्याऐंशी धरून गुंडाळ," मी म्हटलं.

"पुस्तकात दोनशे तीस हाय, बाई."

"पुस्तक लिहिणारा भिवंडीत राहत नाही."

तिने तारेचं रीळ जवळ ओढलं. मग म्हणाली, "आमचे मालक दोन तारा बाहेर काढायचे. एक कमीची, एक जास्तीची."

"कशासाठी?"

"ते मना म्हाईत न्हाय. काढायचे."

"मग उगाच तार कशाला वाया घालवायची?" मी म्हटलं. माझ्याकडे मीटर होता आणि पदवी होती. तिने मान हलवली आणि एकच तार काढली.

ती वेढे आकड्यांत मोजत नसे. तिच्या गावच्या बायका लग्नात धवले गातात, त्यातलं एक ती ओठांत म्हणायची. एका कडव्याला पंचवीस वेढे, कडवं संपलं की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. मध्ये कोणी बोललं तर उत्तर मिळत नसे. असंच एकदा ती गुंडाळत असताना केसरीनाथ भाजी द्यायला आला. त्याने दोनदा हाक मारली. ती ओठ हलवत राहिली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि रागाने म्हणाला, "वेड लागलं का हिला?"

"गप्प बसा," मी म्हटलं. "कडवं होऊ द्या."

तो भाजी खाली आपटून गेला. कडवं संपल्यावर तिने चिंचोका सरकवला आणि मगच विचारलं, "काय म्हनाले?"

खोकं मात्र आम्ही हसत केलं. बारा इंची स्पीकरसाठी जाड प्लायवूड, कोपऱ्यांना आतून पट्ट्या. पहिल्यांदा रेडिओ जोडून पाहिला तर खर्जाच्या सुराला सगळं खोकं थरथरून कर्कश बोलायला लागलं. कमळाने चारी बाजूंनी बोटाने ठोकून पाहिलं, जिथे पोकळ वाजलं तिथे आणखी एक पट्टी मारली, आणि शेडमधून सुताचा गुंता आणून आत कोंबला. जास्त कोंबला तर आवाज रजईखालून आल्यासारखा. मूठभर काढ, ऐक. मूठभर घाल, ऐक. पुढच्या तोंडाला लूमवरचं ग्रे, म्हणजे न धुतलेलं कोरं, कापड ताणून बसवलं.

व्हॉल्व्ह मुंबईहून यायचे होते. सावळाराम ते हळदीच्या आधीच्या मंगळवारी घेऊन आला. बुधवारी दुपारी आम्ही मशीन पहिल्यांदा चालू केलं. त्यात चारशे व्होल्टच्या जवळपास असतात, हात लागला तर माणूस उरत नाही. म्हणून कमळा डावा हात पाठीमागे पदरात खोचून ठेवायची आणि एकाच हाताने काम करायची, काळूरामने लावलेली सवय. तिने बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापले, काचेत नारिंगी उजेड आला, आणि मग मशीन असं किंचाळलं की गल्लीतली माणसं धावत आली.

"बंद कर!"

तिने आधीच केलं होतं.

फळीपुढे दहाबारा लोक जमले. एक म्हातारा विणकर हसत म्हणाला, "बहनजी, भोंगा बनाया क्या? शिफ्ट छूटी समझा मैं!" सगळे हसले. कमळा हसली नाही. तिचे कान लाल झाले होते.

मी नकाशा घेऊन बसले. मशीनच्या शेवटून थोडा आवाज उलटा सुरुवातीकडे आणलेला असतो, लगाम म्हणून. तारा उलट जोडल्या गेल्या तर तोच लगाम चाबूक होतो. "या दोन तारांची अदलाबदल कर," मी म्हटलं. तिने केली. मशीन शांत झालं. एवढं मात्र मला बरोबर आलं, म्हणून मी जरा फुगले, आणि फुगलेलं माणूस मीटर लावत नाही.

उरली ती गुणगुण. मधमाश्यांसारखी, बारीक, सतत. गुरुवारी दिवसभर कमळा एकेक तार हलवत बसली. शेवटी तिने स्पीकरला जोडलेला छोटा ट्रान्सफॉर्मर स्क्रू काढून हातात धरला आणि सावकाश फिरवला. मोठ्याशी तो काटकोनात आला तशी गुणगुण जवळजवळ विझली. तिने तिथेच पेन्सिलीची रेघ मारली. सावळारामने गिटार जोडली. त्या खोलीत इतका गोल, भरलेला सूर मी आधी ऐकला नव्हता. गल्लीतला तो म्हातारा विणकर पुन्हा आला होता. या वेळी तो बोलला नाही, फळीला टेकून ऐकत राहिला.

"झालं," सावळाराम म्हणाला. "वहिनी, उद्या पाच वाजता."

उद्या शुक्रवार होता.

राघोशेठचे चोवीस लूम होते आणि मांडव शेडच्या समोरच होता. शुक्रवारी भिवंडीतल्या लूमना सुट्टी असते, कामगार मोकळे असतात, खडखडाट नसतो, म्हणून त्याने हळद त्या दिवशी धरली होती. माणसं मावेनात. एका कोपऱ्यात फळ्यांचं स्टेज, त्यावर खोकं, खोक्यामागे मशीन. विजेची तार मांडवाच्या बांबूवरून आणली होती.

कमळा आत नव्हती. हळदीच्या मांडवात विधवा येत नाही. हे तिला कोणी सांगायला लागलं नाही, ती आपण होऊनच कनातीच्या बाहेर स्टूल टाकून बसली आणि कापडाच्या फटीतून मशीनच्या पाठीवर डोळा ठेवून राहिली. मला याचा इतका राग आला की मी राघोशेठला दोन शब्द सुनावणार होते. तिनेच माझा हात धरला. "बाई, आज न्हाय. आज फक्त वाजू दे."

मी पुढे बायकांत जाऊन बसले. पलीकडे पुरुषांत केसरीनाथ होता. नात्यातलीच हळद होती, त्याला यावंच लागलं. नवरदेवाची आजी धोंडूबाई हळदीची वाटी घेऊन पुढे झाली आणि सावळारामने पहिलं गाणं धरलं.

वाजलं. काय वाजलं! लोकांनी माना वळवल्या. केसरीनाथचीही वळली. पण मला काहीतरी खुपत होतं. सुरांच्या खाली गुणगुण होती, काल विझवलेली. आणि आवाज जरा चढाच होता, कालच्यापेक्षा कडक. दुसऱ्या गाण्याला गुणगुण वाढली. मीटर माझ्या पिशवीत होता. मी पिशवी मांडीवर धरून बसून राहिले. वाटलं, गर्दीमुळे तसं वाटत असेल.

तिसरं गाणं सुरू होऊन मिनिटही झालं नसेल. कनात हलली आणि कमळा आत आली.

नवरदेवाच्या अंगाला हळद लागत असताना, शंभर डोळ्यांपुढे, ती पाचसहा पावलं चालून स्टेजवर चढली, वाकली आणि तार उपटून काढली.

गिटार सुराच्या मध्येच मेली. ढोलक आणखी दोन ठोके वाजून थांबलं.

"अगं बाय बाय बाय!" माझ्यामागून कोणीतरी म्हणालं. "काळूरामची ना ही? हळदीत?"

सावळाराम पांढरा पडला होता. "वहिनी! काय केलंस हे?"

"पत्रे लाल झाले. व्हॉल्व्हच्या आतले पत्रे. इस्तरीच्या निखाऱ्यासारखे."

"मग गाणं तरी संपू द्यायचं!"

"गाण्याच्या आधी मांडव संपला असता. वास घे."

मी तोवर वर पोचले होते. तापलेल्या व्हार्निशचा वास नाकात बसत होता, आणि खोक्यामागे हातभर अंतरावर मांडवाची कापडी झालर लोंबत होती. मी बांबूवरच्या प्लगात मीटर लावला. काटा गेला तो थांबेना.

"दोनशे बावन्न."

कमळाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. दोघींच्याही तोंडून एकदम निघालं, "शुक्रवार."

लूम बंद. वीज ओढायला कोणी नाही, म्हणून ती सगळी इथे चढलेली. या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की घरातले बल्ब उडतात ते शुक्रवारी. मी मीटर लावला तो शनिवार ते गुरुवार, कारण शुक्रवारी दुकान बंद असायचं. आणि काळूराम ती दुसरी तार कशासाठी काढायचा ते आता कळलं. मी म्हटलं, "कमळा, माझी चूक." ती म्हणाली, "मागून बोलू."

राघोशेठ घाम पुसत आला. "लूम बंद म्हणून पावर चढली? मंग चालू करतो की! चोवीसच्या चोवीस चालू करतो पोराच्या हळदीला!"

"आन गानं कोन ऐकंल, शेठ?" ढोलकवाला म्हणाला. थोडे हसले. बरेच हसले नाहीत. बायकांत कुजबुज चालली होती आणि त्यातला 'अपशकुन' हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला. केसरीनाथ उठून माणसांतून वाट काढत येत होता. त्याचा चेहरा मी एप्रिलमध्ये पाहिला होता तोच होता.

"दोनशे वॅटचा बल्ब पायजे," कमळा म्हणाली. "तो, खांबावरचा. आन एक रिकामा होल्डर."

मांडववाला जागचा हलेना. तो राघोशेठकडे बघत होता, राघोशेठ आईकडे. धोंडूबाई हळदीची बोटं तशीच वर धरून उभी होती. सत्तरीची म्हातारी, आवाज मात्र करवतीसारखा.

"किती येल लागंल गो?"

"पाच मिन्टं, आजी."

"अपशकुन बोलतान त्या कोन?" म्हातारी बायकांकडे वळली. "मांडव पेटला असता तो शकुन झाला असता? ए रांडेच्या, बल्ब काढ तो!"

मांडववाल्याने बल्ब काढला.

कमळाने एका तारेत होल्डर जोडायला घेतला. बल्ब मध्ये बसला की वरची वीज तो खातो आणि मशीनला उरलेली जाते. हे मला कोणी समजवावं लागत नाही, पण ते त्या क्षणी सुचायला काळूरामच्या फळीवर दहा वर्षं बसावं लागतं. डावा हात पदरात, उजव्या हाताने तार सोलत, दातात तार धरून. केसरीनाथ स्टेजपाशी आला.

"कमले, चल घरी. पुरे झालं."

तिने वर पाहिलं नाही. "भावजी, हा होल्डर धरा. टांगायला जागा न्हाय. तारेला हात लावू नका."

तो तसाच उभा राहिला. ती होल्डर पुढे करून थांबली होती, आणि इतकी माणसं बघत असताना तो हात मागे घेणं किंवा पुढे करणं, दोन्ही त्याला जड होतं. शेवटी त्याने खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळला आणि होल्डर धरला.

तिने तार लावली. बल्ब एकदम भगभगला, केसरीनाथने मान मागे घेतली. मग व्हॉल्व्ह तापत गेले तसा तो मंद होत होत पिवळा झाला. मी मशीनच्या टोकाला मीटर लावला. काटा एकशे नव्वदच्या जरा पुढे येऊन थांबला. कमळा गुडघ्यावर बसून व्हॉल्व्हकडे बघत होती. पत्रे काळेच राहिले. एक मिनिट. दोन.

"वाजव," ती म्हणाली.

सावळारामने एकच तार छेडली. गुणगुण नव्हती. सूर गुरुवारचा होता.

धोंडूबाईने नवरदेवाच्या गालाला हळद फासली आणि गाण्याच्या वरताण ओरडली, "तू बस तितंच! परत लाल झालं तर धावत येशील काय भायेरून?"

तर कमळा हळद संपेपर्यंत मांडवात मशीनपाशी बसली, आणि केसरीनाथ तिच्या मागे बल्ब धरून उभा राहिला. सावळाराम जोरात वाजवी तसा बल्ब भडके, हळू वाजवी तसा विझत येई. लहान पोरं नवरदेवाला सोडून बल्ब बघायला जमली. केसरीनाथने हात बदलला, खाली मात्र ठेवला नाही.

सात वाजता सगळं आटोपलं. सावळाराम गिटार पुसत होता. "वहिनी, हा बल्ब घेऊन मी कुठे फिरू?"

"सोमवारी मशीन दुकानात आन. जास्तीची तार काढून देते. एक बटन लूम चालूचं, एक शुक्रवारचं."

"पैसे?"

"तार आमची चुकली. त्याचे न्हाय."

आमची, म्हणाली. माझी म्हणाली नाही. मला ते बरं वाटलं नाही, पण मी तिथे वाद घातला नाही.

केसरीनाथ अजून होल्डर धरून होता. बराच वेळ तो त्या बल्बकडेच बघत होता.

"गान्याबरोबर हालत व्हता हा. कनाला?"

असं का, ते तिने सांगितलं. मोठ्या सुराला मशीन जास्त वीज ओढतं, ती बल्बातून जाते, म्हणून. त्याने ऐकलं. कळलं की नाही मला माहीत नाही, पण पूर्ण ऐकलं, मध्ये बोलला नाही.

"काळू असता तर मशीन बंद केलं नसतं त्यानं," तो म्हणाला. "शरमेनं जलू दिलं असतं."

ती पदराने मशीन पुसत राहिली.

"मिरगाला ये अंजूरला. जेव आन दुसऱ्या दिवशी परत ये, दुकान उघडायला. आवणीला मी बगतो कोन मिलतंय." मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. "आता हा ठेवू कुठं?"

"थांबा जरा," कमळा म्हणाली. "तापलाय. गार हुंदे, मंग ठेवा."